राक्षसाला पडदा हवा

१९३३ साली 'किंगकाँग' झळकला, तेव्हा न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर चढणारा तो महाकाय वानर बहुतेक दृश्यांत जेमतेम दीड-दोन फुटांचा बाहुला होता. विलिस ओब्रायन या तंत्रज्ञाने तो कणाकणाने हलवून जिवंत केला. अजस्र केला तो मात्र पडद्याने. बीड जिल्ह्यातील वाडीवस्तीवरचा तरुण आज तोच काँग मोबाईलवर पाहतो. वीतभर काचेत काँग पुन्हा बाहुला होतो, किंबहुना त्याहूनही लहान.

हा केवळ पोरखेळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, जपानी मच्छीमार किरणोत्सर्गात सापडले आणि त्याच नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' टोकियो तुडवीत पडद्यावर आला. एका राष्ट्राने आपले भय अंधारात एकत्र बसून पाहिले. असे भय एकट्याने पाहता येत नाही. शेजारच्याचा श्वास रोखलेला ऐकू यावा लागतो.

महाराष्ट्रातील जत्रांत हा अनुभव फिरत्या तंबूंनी दिला. १९९४ साली 'ज्युरासिक पार्क' हिंदीत आला आणि परदेशी राक्षसांची भाषाही समजू लागली. या तंबूंचे अर्थशास्त्र बीडला विशेष सोयीचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास लक्षावधी ऊसतोड मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात, ते पाडव्याच्या आगेमागे परततात. पक्क्या चित्रपटगृहाचा खर्च बारमाही, गिऱ्हाईक मात्र निम्मे वर्ष परमुलखात! तंबूवाला गिऱ्हाइकाची वाट पाहत बसत नाही. यंत्र ट्रकवर घालून जत्रेमागून जत्रा गाठतो. मुकादमाची उचल फिटून हाती चार पैसे उरलेच, तर ते खर्चण्याचे दिवसही चैत्रातल्या जत्रांचेच.

दूरचित्रवाणीने, नंतर व्हिडिओने या धंद्याला घरघर लावली. चित्रफिती बंद होऊन डिजिटल यंत्रे आली, तेव्हा भांडवलाअभावी अनेक तंबू उठले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा या तंबूवाल्यांवरील माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरविला गेला. गौरवाने यंत्राचे हप्ते फिटत नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. निर्णय स्वागतार्हच, परंतु जिथे पडदाच नाही, तिथे या सवलतीचा लाभ कोणाला? पाण्याला महाग असलेल्या जिल्ह्याने करमणुकीची भाषा करू नये, असे यावर सुनावले जाईल. हा उपदेश बहुधा वातानुकूलित चित्रपटगृहातून नुकतेच परतलेले लोकच करतात. सहा महिने पालात काढणाऱ्या कुटुंबाने एक रात्र गॉडझिलाला घाबरून आनंदात घालवली, तर धरणातले पाणी आटत नाही.

मागण्या अवाजवी नाहीत. फिरत्या चित्रपटगृहाला संपूर्ण जिल्ह्यासाठी हंगामाचा एकच परवाना मिळावा, ग्रामपंचायतींनी जत्रेचे मैदान माफक भाड्याने द्यावे, नव्या यंत्रासाठी बँकांनी लघुउद्योगाप्रमाणे कर्ज द्यावे. वितरकांनीही शहरात उतरलेले चित्रपट तंबूला स्वस्तात दिले, तर त्यांचे काही बुडत नाही. त्यांना तिथून आज एक छदामही मिळत नाही. आगीच्या नियमांत मात्र तिळमात्र सूट नको. ऊसतोडीचा हंगाम संपण्यापूर्वी हे परवाने हाती पडले, तरच येत्या चैत्रात त्यांचा उपयोग होईल.