परसदाराकडे पाठ नको!

तारळी जिथं कृष्णेला मिळते ते आमचं उंब्रज. गावात आता 'वाढीव खोली' म्हणजे जुन्या घराला मागून चिकटवलेला सिमेंटचा डबा. गॅलरी रस्त्याकडे, आणि मागे, जिथून चाफळकडचे डोंगर दिसतात, तिथे बाथरूमची जाळी! परसातला कढीपत्ता, जास्वंद सगळं स्लॅबखाली.

मागच्या सुट्टीत आमच्याही घरी असाच नकाशा आला. आई एवढंच म्हणाली, "मग दुपारचं मी बसू कुठं?" सहा सेमिस्टर सिव्हिल शिकलेल्या मला उत्तर सुचेना.

आता माझं मत पक्कं आहे. वाढीव खोली परसाकडे, डोंगराकडे उघडावी. पण मधे पडवी हवीच. ही हौस नाही, हिशेब आहे. डोंगर पश्चिमेला, म्हणजे दुपारचं ऊन आणि पावसाची झड तिकडूनच. तिथे नुसती मोठी काच लावली तर मे महिन्यात खोलीची भट्टी होईल. आता आठ फूट खोल पडवी धरा, छपराची कड सात फुटांवर उतरलेली. मे महिन्यात पावणेचारच्या सुमारास सूर्य ४५ अंशांवर येतो. तेव्हा ऊन सात फूटच आत शिरतं, भिंतीला शिवत नाही. उतरतं छप्पर आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांना उगाच नव्हतं.

दुसरी गोष्ट भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यातला. जुनी दगडमातीची भिंत आणि नवी आरसीसी फ्रेम धक्क्यात वेगवेगळ्या हलतात, एकमेकींवर आदळतात. म्हणून नवा बीम जुन्या भिंतीत घुसवू नये. खोलीला स्वतःचे कॉलम द्यावेत, मधे फट ठेवावी आणि वरून पाणी शिरू नये म्हणून पत्र्याची पट्टी मारावी.

कोणी म्हणेल, पडवीत जागा वाया जाते. अहो, धान्य निवडणं, पाहुण्यांची झोप, पोरांचा अभ्यास, सगळं तिथेच तर होतं! बंद खोलीत फक्त कपाट आणि टीव्ही.

तेव्हा मित्रांनो, घरी गेलात की आधी दुपारी चार वाजता परसात उभे राहा. ऊन कुठवर येतं ते खडूनं आखा. आईला विचारा, ती कुठं बसते. मग स्केल हातात घ्या.