मोडकें यंत्र : दुरुस्त करावें कीं बदलावें?

रायगड जिल्ह्यांतील समुद्रकांठच्या एका वाचकांनीं आपल्या एकत्र कुटुंबांतील वाद आमच्यापुढें निकालासाठीं ठेवला आहे. घरच्या वेगवान होडीचें मागचें यंत्र, ज्यास आउटड्राइव्ह म्हणतात, ओहोटीच्या वेळीं खडकावर आपटलें. खालचें पातें तुटलें, पंखा वांकला. वडील बंधु म्हणतात, डागडुजी करून हंगाम काढूं. धाकटे म्हणतात, नवेंच घेऊं. त्या होडींतून पाहुण्यांबरोबर घरचीं मुलेंहि जातात. तेव्हां हा प्रश्न केवळ पैशांचा नव्हे.

प्रथम या यंत्राची रचना ध्यानांत घ्यावी. इंजिन होडीच्या आंत आणि पंखा फिरविणारा पाय मागच्या फळीबाहेर, अशी ती आहे. व्होल्व्हो पेंटा कंपनीनें १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या होड्यांच्या प्रदर्शनांत ती लोकांपुढें आणली. हा पाय डावीउजवीकडे वळतो, म्हणून वेगळें सुकाणू लागत नाहीं. अर्थात् तो निकामी झाला म्हणजे गति आणि दिशा दोन्ही एकदम जातात. शिवाय इंजिनाची शक्ति बाहेर नेण्यासाठीं फळीस भोंक असतें. तेथें पाणी अडवितो तो एक रबरी भाता. तो फाटला तर धक्क्याशीं बांधून ठेवलेली होडीहि बुडूं शकते.

यास्तव बाहेरची जखम पाहून निर्णय करूं नये. तुटलेलें पातें वेल्डिंगनें जोडतां येतें, पंखा बदलतां येतो. एवढ्यासाठीं नवें यंत्र घेणें ही उधळपट्टी होय. खरी परीक्षा चार ठिकाणीं आहे.

पहिली तेलाची. तळचा बोल्ट सैल करून थोडें तेल भांड्यांत घ्यावें. तें दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे. पुष्कळदां सीलें बदलून हा दोष जातो. पण बेअरिंगांस गंज चढला आहे काय, हें उघडून पाहावेंच. तेलांतील करडी, मऊ भुकटी नेहमींच्या झिजेची असते. बोटांस टोंचणारे कण असले तर दांत्यांचीं चाकें गेलीं असें समजावें.

दुसरी दांड्याची. इंजिन बंद करून, किल्ली काढून व पंखा उतरवून दांडा हातानें सावकाश फिरवावा आणि त्याचें टोंक एखाद्या स्थिर खुणेशीं ताडावें. डोळ्यांस दिसेल एवढा हेलकावा असला तर तो वांकला आहे.

तिसरी कवचाची. हें कवच ॲल्युमिनियमचें असतें. बेअरिंगच्या बैठकीजवळ तडा असल्यास वेल्डिंगच्या उष्णतेनें ती बैठक सरकण्याचा संभव असतो. अशा जोडावर भरंवसा ठेवूं नये. खार्‍या पाण्यानें पोंखरलेल्या धातूवर जोड नीट बसतहि नाहीं.

चौथी फळीची. जुन्या फायबरच्या होड्यांत बहुधा फळीच्या पोटांत प्लायवुड असतें. लांकडी हातोडीनें ठोकतां आवाज बोदा आला तर तें कुजलें असण्याचा संभव आहे. अशा फळीवर नवें यंत्र बसविणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें.

आतां निकाल. चाकें, दांडा व कवच शाबूत असतील तर वडील बंधूंचें खरें. सीलें, पंखा व पातें एवढ्यावर भागेल. केवळ खालचा भाग गेला असेल तर तेवढाच बदलावा. मात्र दांत्यांचें प्रमाण पूर्वीचेंच हवें, नाहीं तर इंजिन योग्य वेगानें फिरणार नाहीं. वरचा भागहि गंजला असेल तर धाकट्यांचें खरें. तेथें डागडुजी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दुरुस्ती केलीच तर तेल भरण्यापूर्वीं हवेच्या दाबानें परीक्षा करून घ्यावी. दोहोंपैकीं कांहींहि ठरो, भाता तपासून शंका येतांच बदलावा, आणि स्वतः झिजून कवच वांचविणारे जस्ताचे तुकडे नवे घालावे.

यंत्र उघडलें जाईल तेव्हां दोघां बंधूंनीं कारागिराजवळ उभें राहावें. आंत काय दिसतें तें एकत्र पाहिल्यावर वादास फारशी जागा उरत नाहीं. तोंपर्यंत होडी किनार्‍यावरच असूं द्यावी. बुडालेल्या महिन्याची मिळकत पुढल्या हंगामांत भरून निघेल.