चाक हलण्याआधी
ब्रिटनमध्ये जुनी कॅम्पर व्हॅन शोधायला निघालेल्याला मनासारखी गाडी नेमकी देशाच्या दुसऱ्या टोकाला सापडते: घर पेन्झान्सला, गाडी इन्व्हरनेसला, मध्ये हजाराहून अधिक किलोमीटर. १ ऑक्टोबर २०१४ पासून आधीच्या मालकाने भरलेला रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. नोंदणीपत्राच्या हिरव्या चिठ्ठीवरचा १२ अंकी क्रमांक घालून नव्या मालकाला तो निघण्याआधीच भरावा लागतो. विम्याचंही तसंच. पण खरी मेख टायरमध्ये आहे. या गाड्या वर्षातले कितीतरी महिने नुसत्या उभ्या असतात, त्यामुळे टायरची नक्षी खोल, नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. खाली वाकून टायरच्या कडेचे चार आकडे वाचावेत: ‘२३१५’ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा. आजूबाजूला बारीक भेगा दिसल्या, तर विकणारा कितीही सज्जन असो, आधी टायर बदलावेत. (तो पडदे आणि गाद्याच आधी दाखवणार, हे ठरलेलं.) निघताना गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, फ्रीजच्या दाराला कडी लावावी, आणि पहिला थांबा लवकर घेऊन ऑइल-पाणी पुन्हा बघावं. एका दमात घर गाठायचा हट्ट मात्र करू नये. अंथरूण गाडीतच आहे.