जोर लावू नका, आधी बघा!

मिनेसोटात लेकीकडे आलो की जावईबापू तळ्यावर नेतात, मासे धरायला. होडीच्या नाळेवर विजेची छोटी ट्रोलिंग मोटर असते. दोरी ओढली की खिट्टी सुटते, मग मोटर पुढे सरकवून पाण्यात सोडायची. यांची सुटतच नव्हती. वाकून नुसते हिसके! परवा तोल जाऊन पाण्यातच पडायचे, नात किंचाळली.

मित्रांचा सल्ला काय, तर "जोर लाव", नाहीतर "नवी घे". मला दोन्हीचा संताप येतो. (शाळेतही हेच ऐकत आलो. मुलाला येत नाही? छडी वाढवा!) अहो, बॅटरीची वायर काढून आधी बघा तरी! खाचेत वाळू आणि जुन्या ग्रीसचा लगदा. तो पुसून सिलिकॉनचा फवारा मारला. थोडा फरक पडला. खरं दुखणं खाली होतं. डेक सपाट नाही, त्यावर बोल्ट करकचून आवळलेले, त्यामुळे बैठकच पिळली गेली होती आणि खिट्टी अडकत होती. बोल्ट सैल केले, खिट्टी सुटली! जिथे फट होती तिथे वॉशर घालून बेताने आवळले.

आता बारा वर्षांची नात एका हाताने दोरी ओढते. जावई म्हणतात, "बाबा, तरी नवी बघून ठेवतो."