हिंवाळ्यांतील वणवा

वणवा म्हटला कीं वैशाख डोळ्यांपुढें उभा राहतो. जेथें पौषांत अंगणांतील पाणी गोठतें, तेथें आगीची भीति ती कसली, असें कोणीही सहज म्हणेल. ही समजूत किती घातक आहे याचा प्रत्यय अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत ३० डिसेंबर २०२१ रोजीं आला. आमच्या कित्येक वाचकांचीं मुलेंबाळें आज त्या देशांत संसार थाटून आहेत. शिवाय अग्नीचा स्वभाव देशपरत्वें बदलत नाहीं. म्हणून त्या दिवसाची हकीकत येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशीं, बोल्डर परगण्यांत, सुपीरियर आणि लुइसव्हिल हीं दोन टुमदार शहरें आहेत. त्या वर्षीं वसंतांत पाऊस चांगला झाला आणि भोंवतालच्या माळावर गवत भरघोस वाढलें. पुढें मात्र आभाळानें हात आखडला. उन्हाळा गेला, शरद् गेला, डिसेंबर सरत आला, तरी नेहमींचें बर्फही तेथें पडलें नाहीं. अवर्षण म्हणजे पिकाचा घात एवढेंच आपण जाणतों. परंतु आधीं सुवृष्टि आणि मागून अवर्षण हा क्रम अग्नीच्या बाबतींत अधिक भयंकर होय. पहिली जळण वाढवून ठेवते व दुसरें तें वाळवून ठेवतें. असें वाळलेलें गवत पेटावयाला उन्हाळाच लागतो असें नाहीं. कोरडी हवा आणि वारा एवढें त्याला पुरें होतें.

त्या दिवशीं पर्वतावरून सोसाट्याचा वारा उतरत होता. त्याच्या कांहीं झोतांचा वेग ताशीं १६० किलोमीटरांहून अधिक होता. अकराच्या सुमारास आग दिसली. अशा वाऱ्यांत विमानांतून पाणी टाकणें शक्यच नव्हतें. गवतावरून लांकडी कुंपणावर आणि कुंपणावरून घरावर अशी आग धांवत सुटली. रात्रीं वारा पडला तोंवर १,०८४ घरें भस्मसात् झालीं होतीं. दोन मनुष्यें प्राणास मुकलीं, आणि तीस हजारांहून अधिक लोकांना नेसत्या वस्त्रांनिशीं घरें सोडावीं लागलीं. जळालेल्या घरांच्या फुटक्या नळांतून पाणी वाहूं लागल्यामुळें बंबांना दाब मिळेना. तेव्हां लुइसव्हिलच्या पाणीखात्यानें शुद्ध न केलेलें पाणी तसेंच नळांत सोडलें. नागरिकांना पुढें कांहीं दिवस पाणी उकळून प्यावें लागलें, पण बंब चालू राहिले. संकटांत कोणती अडचण पत्करावी आणि कोणती नाहीं, हें त्या लोकांनीं वेळींच ठरविलें.

आणि दुसऱ्या दिवशीं हिमवृष्टि झाली! आदल्या दिवशीं जी आली असती तर कदाचित् हा अनर्थ टळता, तीच आतां नवें संकट होऊन आली. वांचलेल्या हजारों घरांचा वायु व वीज तोडलेली होती. घरांत ऊब नाहीं, आणि नळांतील पाणी गोठून नळ फुटण्याचें भय. अशा वेळीं माणसाला घरांतच कांहींतरी पेटवावेंसें वाटतें. त्याच वर्षीं फेब्रुवारींत टेक्सस संस्थानांत कडाक्याच्या थंडीनें वीज गेली, तेव्हां कित्येकांनीं कोळशाच्या शेगड्या घरांत पेटविल्या, कित्येकांनीं बंद गाळ्यांत मोटारी चालू ठेवल्या, आणि त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूनें अनेकांचा घात केला. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. माणूस झोपेंतच जातो. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलींत दारें लावून शेगडी ठेवण्याची चाल अजून कोठें असेल, तर ती आजपासून बंद करावी.

आतां ही आग लागली कशी? सरकारी तपासाचा निष्कर्ष जून २०२३ मध्यें प्रसिद्ध झाला. आगी दोन ठिकाणीं लागल्या होत्या. एकीचें संभाव्य कारण विजेची सुटलेली तार हें होतें. दुसरीची कथा अधिक बोधप्रद आहे. सहा दिवस आधीं एका वाडीवर कांहीं टाकाऊ लांकूडफांटा जाळून त्यावर माती लोटण्यांत आली होती. अग्निशामक दलाचे लोक येऊन पाहून गेले. त्यांना त्यांत गैर आढळलें नाहीं. सहाव्या दिवशीं वाऱ्यानें ती माती उडविली आणि खालचा निखारा जागा झाला. कोणावरही फौजदारी खटला भरला गेला नाहीं. नियम मोडला नव्हता, तरी गांव जळालें.

ऋण आणि शत्रु यांच्याबरोबर अग्नीचाही शेष ठेवूं नये, असें आपले जुने नीतिकार सांगतात. निखारा झांकला म्हणजे तो विझत नाहीं, राखला जातो. आपल्या घरांतील वडील स्त्रियांस हें पक्कें ठाऊक असे. काड्यापेटी घरोघर नव्हती त्या काळीं त्या रात्रीं निखारा राखेंत पुरून ठेवीत आणि सकाळीं फुंकर घालून चूल पेटवीत. पर्वतावरच्या वाऱ्यानें केलें तें हेंच.

म्हणून शेकोटी असो, होळी असो, कीं तरुण मंडळींनीं गडावर मांडलेली तीन दगडांची चूल असो, तिजवर माती लोटून निघून जाऊं नये. भरपूर पाणी ओतावें, काठीनें ढवळावें, पुन्हां ओतावें, आणि राखेजवळ हात नेला असतां धग लागत नाहीं अशी खात्री झाल्यावरच पाठ फिरवावी. आपल्या सह्याद्रीवरही पावसाळ्यांत माजलेलें गवत माघ-फाल्गुनांत वाळून उभें असतें, आणि दरवर्षीं वणवे लागतात.

शेवटीं एक गोष्ट. त्या दिवशीं घर सोडण्याची सरकारी सूचना कित्येकांपर्यंत वेळेवर पोंचलीच नाहीं. त्यांना सावध केलें तें डोळ्यांना दिसणाऱ्या धुरानें आणि दार ठोठावणाऱ्या शेजाऱ्यांनीं. आपल्या आळींत एकटें राहणारें वृद्ध माणूस कोणतें, अंथरुणाला खिळलेलें कोण, ऐकूं कोणाला येत नाहीं, आणि अडचणीच्या वेळीं त्यांचें दार कोणीं ठोठावयाचें, हें घरांतील वडील मंडळींनीं याच आठवड्यांत बसून ठरवावें, अशी आमची वाचकांस विनंति आहे.