विश्लेषण : वजन घटवणाऱ्या इंजेक्शनसोबत ‘मेडिकल’मधून आणखी काय मिळायला हवे?

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आले. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे, म्हणजे वेगोवीतील औषधाचे, भारतातील पेटंट संपले आणि स्वस्त पर्यायांचा मार्ग मोकळा झाला. हे इंजेक्शन आता मुंबई-पुण्याच्या बड्या रुग्णालयांपुरते राहणार नाही. डॉक्टरांची भेट अनेकदा दोन-तीन महिन्यांनी होते. पेन घ्यायला मात्र रुग्ण दर महिन्याला दुकानात येतो. त्रास होतो आहे का, डोस चुकला का, हे सर्वात आधी कळू शकते ते काउंटरमागे उभ्या असलेल्या फार्मासिस्टला. त्याने खोके पिशवीत घालून फक्त पैसे घ्यायचे, ही पद्धत या औषधाला चालणार नाही.

नियम काय सांगतो?

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाचे समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम मानले आहे. औषध कसे ठेवायचे, दुष्परिणाम कोणते, डोस चुकला तर काय, हे सगळे त्यात येते. पण भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि काउंटरवर दुसराच, असा अनुभव अनेक वाचकांना असेल. बोलण्याचे वेगळे पैसेही मिळत नाहीत, आणि ऑनलाइन सवलतींशी झुंजणाऱ्या दुकानदाराला पाच मिनिटे महाग वाटतात. ही अडचण खरी आहे. तरीही लग्नाआधी ‘दहा किलो कमी करायचेत’ म्हणून चिठ्ठीविना आलेल्या तरुणाला परत पाठवणे, एवढे तरी त्याच्या हातात नक्कीच आहे.

काउंटरवर विचारायचे काय?

पहिला प्रश्न फ्रिजचा. न वापरलेले पेन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. बर्फाच्या कप्प्यात गोठले तर ते फेकूनच द्यावे लागते. मे महिन्यात एसटीने अकोल्याला निघालेल्या माणसाला थंड पाऊच घ्यायला कोणी तरी सांगायला हवे.

दुसरा प्रश्न इतर गोळ्यांचा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल, तर भूक कमी झाल्यावर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्यात श्रावणातले उपवास किंवा नवरात्र आले की धोका वाढतो. अशा रुग्णाने उपवासाआधी डॉक्टरांशी बोलायला हवे. महिलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संकोचामुळे राहून जाते. टिर्झेपेटाइड, म्हणजे मौंजारो, सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. निरोधसारखा दुसरा उपाय लागतो. भरल्या दुकानात हे मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून काउंटरचा एक कोपरा तरी मोकळा ठेवावा.

मळमळ, बद्धकोष्ठता, जुलाब सुरुवातीला अनेकांना होतात. थोडे थोडे खाणे, तळलेले टाळणे, पाणी पीत राहणे याने बराच फरक पडतो. चरबीबरोबर स्नायूही घटतात. त्यामुळे जेवण निम्मे झाले तरी डाळ, मटकी, अंडी, ताक सुटता कामा नये. पोटात असह्य दुखून कळ पाठीपर्यंत जात असेल, तर मात्र अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवू नये. स्वादुपिंडाला सूज असू शकते. थेट रुग्णालयात जायला सांगावे.

मध्येच बंद केले तर?

दुकानदाराचा खरा उपयोग इथे आहे, असे मला वाटते. डोस लहान सुरू करून साधारणपणे चार-चार आठवड्यांनी वाढवला जातो. वेगोवी ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४ पर्यंत पोहोचते. घरखर्च आवळला की लोक दोन महिने औषध थांबवतात, गेलेले वजन परत येऊ लागते, आणि मग ते जुनाच मोठा डोस मागतात. इतक्या खंडानंतर तो पचेलच असे नाही. उलट्यांनी रुग्ण हैराण होऊ शकतो. डॉक्टरांना हा खंड दिसत नाही. दुकानाच्या संगणकातील बिलाच्या तारखांत तो स्पष्ट दिसतो. पेन देण्याआधी ती तारीख पाहायची आणि रुग्णासमोरच डॉक्टरांना फोन लावायचा, याला जेमतेम दोन मिनिटे लागतात.