टवका न उडता फळी कशी कापावी?



रामाकोना-सौसरकडील सुतारांचा हात सातपुड्याच्या सागवानावर बसलेला. सागवानाचा काठ बिघडला तर रंधा मारून तो सुधारता येतो. परंतु आज ओट्याखालची कपाटे सनमायका चढविलेल्या फळ्यांची होतात, आणि तेथे टवका उडाला की तो कायमचा. आठ बाय चार फुटांची फळी वाया गेली, तर तिची भरपाई गरीब कारागिराच्या मजुरीतूनच व्हावयाची. शिवाय भुशाच्या फळीत त्या फटीतून पाणी झिरपले की ती फुगते. तेव्हा हा विषय क्षुल्लक नव्हे.

टवका उडतो तरी का? सनमायका म्हणजे राळेत भिजविलेला कागद, उष्णता व दाब देऊन घट्ट केलेला. तो कठीण खरा, पण ठिसूळ. करवतीचा दाता जेथे शिरतो तेथे ह्या थराला गाभ्यावर दाबतो; जेथून बाहेर पडतो तेथे त्याला उचलतो. हातात धरून चालवावयाच्या गोल करवतीचे दाते खालून शिरून वर निघतात. म्हणून टवके वरच्या अंगास उडतात. साधा कटर असेल तर चांगली बाजू खाली ठेवावी, ती ह्याच कारणाने.

'प्लंज सॉ' ह्या करवतीत पाते आवरणात दडलेले असते व दाबल्यावरच खाली उतरते. ती ॲल्युमिनियमच्या रुळावरून सरकते. आपल्या रामाकोन्याची नॅरोगेज २०१५ साली बंद होऊन ब्रॉडगेज आली, पण गाडीने रूळ सोडू नये हा नियम बदलला नाही, करवतीचेही तसेच. रुळाच्या काठाची रबरी पट्टी थराला अगदी पात्यालगत दाबून धरते. परंतु हे संरक्षण रुळाखालच्या बाजूसच मिळते. म्हणून हवा असलेला तुकडा रुळाखाली ठेवावा व टाकाऊ बाहेर.

पाते बारीक दात्यांचे असावे; १६० मिलिमीटरच्या पात्यास ४८ दाते चांगले. त्यांत एक दाता कोपरे उतरविलेला व पुढचा सपाट असतो: पहिला मध्य कोरतो, दुसरा कडा साफ करतो. पात्यावर साचलेली राळ पुसून काढावी. फळीखाली सबंध लांबीभर टाकाऊ फळी अंथरावी. प्रथम सुमारे २ मिलिमीटर खोल काप द्यावा. मग रूळ न हलविता पूर्ण खोलीने, पाते फळीखाली थोडेसेच उतरेल असे, दुसरा. चाल एकसारखी असावी: घाई केल्यास टवके उडतात, रेंगाळल्यास काठ करपतो. नव्या पात्याची परीक्षा आधी टाकाऊ तुकड्यावर घ्यावी.

पाते बदलताना विजेची पिन काढावी. डोळ्यांस चष्मा, नाकास फडके असावे. गळ्यातला गमछा काढून ठेवावा. करवत फळीतून उचलण्यापूर्वी पाते थांबू द्यावे.

ह्यातील बहुतेक कामे यंत्राची कळ दाबण्यापूर्वीचीच आहेत, हे आपल्या ध्यानी आले असेलच. पात्याची धार विकत मिळते. पूर्वतयारीची ही दहा मिनिटे मात्र कारागिराने स्वतःच द्यावयाची असतात. घरात मुलगा हे काम शिकत असेल, तर त्याला ती दहा मिनिटे द्या. त्याला घाई करू नका.